चौदा शेळ्या, सहा दिवस: ग्वाल्हेरजवळच्या एका वाड्यातले प्रकरण

ही हकीकत मालकांच्या परवानगीने लिहितो आहे. माणसांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. आकडे आणि तारखा मात्र वहीतल्याच आहेत. मी पशुवैद्य आहे, या प्रकरणात सल्ला माझाच होता. त्यामुळे खाली जिथे 'आम्ही चुकलो' असे लिहिले आहे, तिथे पुष्कळदा 'मी चुकलो' असेच वाचावे.

पार्श्वभूमी

घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, जुने मराठी. मालकाच्या वडिलांची आणि माझी शाळेपासूनची मैत्री. ते गेल्यावर मुलगा पुण्याची नोकरी सोडून परत आला आणि मुरारच्या पुढे, भिंडच्या रस्त्याला असलेल्या वडिलोपार्जित जमिनीवर त्याने शेळ्यांचा वाडा बांधला. वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला, ते फारसे पसंत नव्हते. "एवढं शिकून बकऱ्या?" हे वाक्य त्या घरात मी निदान दहा वेळा ऐकले असेल. पण मुलगा नेटका. प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला आणि प्रत्येकीचे वहीत पान.

2023 च्या उन्हाळ्यात वाड्यात 46 मोठ्या शेळ्या होत्या. निम्म्याहून थोड्या कमी जमुनापारी, बाकी जमुनापारी आणि बरबरीच्या संकराच्या. आमच्या भागाला जमुनापारीचे अप्रूप सांगायला नको. भिंडच्या पुढे चंबळ ओलांडली की इटाव्याचा चकरनगर भाग लागतो, तेच या जातीचे मूळ ठिकाण. पोपटासारखे बाकदार नाक, लांब लोंबते कान, उंच पाय. बाजारात अस्सल म्हणून खपवल्या जाणाऱ्या शेळ्यांपैकी अस्सल किती, हा वेगळा विषय आहे.

बोकड दोन. एक सहा वर्षांचा, दुसरा दीड वर्षाचा आणि तोही पहिल्याचाच मुलगा. राखणीला पाल या मेंढपाळ समाजातले एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना बाबा म्हणतात. ते वाड्याच्याच एका खोलीत राहतात.

अडचण

अडचणी दोन होत्या आणि मालकाच्या डोक्यात त्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

पहिली रक्ताची. म्हाताऱ्या बोकडाच्या मुली वयात आल्या होत्या आणि तोच त्यांना लागत होता. लहान चणीची, उशिरा वाढणारी करडे दिसू लागली होती.

दुसरी बाजाराची. शेळ्या वर्षभर सुट्या-सुट्या वीत, म्हणून विकायला एका वयाचे, एका मापाचे दहा-पंधरा बोकड कधीच तयार नसत. बकरी ईदला बोकड वर्षाचा पुरा लागतो, आणि ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. व्यापारी येई, चार उचले, बाकीचे 'अजून लहान आहेत' म्हणून सोडून जाई. मालकाला सगळ्या शेळ्या एकदम व्यालेल्या हव्या होत्या.

"डॉक्टरकाका, कर्नालला 1990 मध्ये म्हशीचं टेस्ट ट्यूब रेडकू झालं, काश्मीरमध्ये 2012 मध्ये पश्मिना शेळीचा क्लोन झाला. मग मी अजून बोकडाच्या मागे का धावायचं?" असा त्याचा प्रश्न होता. त्याला सरळ भ्रूण प्रत्यारोपणच हवे होते.

कोणते पर्याय पाहिले

भ्रूण प्रत्यारोपण मी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवले. गायीत भ्रूण बाहेर काढणे आणि आत ठेवणे पोट न उघडता होते. शेळीच्या गर्भाशयमुखातून तसे सहज जाता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा दुर्बिणीची किंवा उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. 46 शेळ्यांच्या, विक्रीसाठी चालवलेल्या वाड्यात त्याचा हिशेब बसत नाही. तो थोडा हिरमुसला.

नवा बोकड विकत घेणे हा सर्वांत साधा मार्ग. रक्ताची अडचण त्याने सुटली असती, एकदम विण्याची नाही. शिवाय बाहेरचा बोकड आणायचा तर ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या रोगाची) तपासणी, पीपीआर या साथीच्या रोगाची लस आणि तीन आठवडे वेगळे बांधणे, हे सगळे आलेच.

'बोकडाचा परिणाम' हा बिनखर्चाचा उपाय: बोकड तीन-चार आठवडे नजरेआड आणि वासाआड ठेवायचे आणि मग अचानक कळपात सोडायचे. थंड पडलेल्या शेळ्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात. पण दिवस लहान होऊ लागले की आमच्याकडच्या बऱ्याच शेळ्या आपापल्या चक्राने माजावर येतच असतात, आणि चक्र चालू असलेल्या शेळीवर या उपायाचा फारसा उपयोग नाही. ऑगस्टमध्ये त्याच्यावर विसंबू नये असे मला वाटले.

राहिला तो हार्मोनच्या स्पंजचा आणि कृत्रिम रेतनाचा मार्ग. प्रोजेस्टेरॉनचा स्पंज योनिमार्गात अकरा दिवस ठेवायचा. काढण्याच्या दोन दिवस आधी पीएमएसजी (अंडी पिकवणारे हार्मोन) आणि प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन. स्पंज निघाला की दीड-दोन दिवसांत सगळ्या शेळ्या एकदम माजावर. मात्र त्या एकदम आल्या की दोन बोकड पुरत नाहीत. एरवी 25-30 शेळ्यांना एक बोकड चालतो, एकाच दिवशी माजावर आलेल्या शेळ्यांत तो जेमतेम पाच निभावतो. म्हणून रेतन.

बोकडाचे गोठवलेले वीर्य वळूच्या वीर्याइतके सोपे नाही, हे मी मालकाला आधीच सांगितले होते. बोकडाच्या वीर्यात एका ग्रंथीचा स्राव असा असतो की वीर्य टिकवायला घातलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाशी त्याची प्रक्रिया होऊन शुक्राणू मरतात. म्हणून वीर्य धुवावे लागते किंवा बलक अगदी कमी घालावा लागतो. त्यातून शेळीच्या गर्भाशयमुखात चार-पाच कडी असतात, वळणावळणाची. रेतनाची नळी बऱ्याचदा तोंडाशीच अडते. मथुरेजवळच्या मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे. मालक तिथे जाऊन आला आणि या गोष्टी त्याने स्वतः विचारून घेतल्या. मी त्याला शंभरात तीस ते पन्नास गाभण राहतील असे सांगितले. त्याने पन्नास ऐकले.

शेवटी मिश्र बेत ठरला. स्पंज सगळ्या निवडक शेळ्यांना, रेतन त्यांतल्या उत्तम शेळ्यांना, बाकीच्यांना हाताने धरून बोकड, आणि ज्या उलटतील, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतील, त्यांनाही बोकडच.

काय केले

पहिले काम सोनोग्राफी. हे काम टाळणारे मी पाहिले आहेत, म्हणून जरा थांबून सांगतो. शेळीत गर्भ शेवटपर्यंत अंडाशयावरच्या पीतपिंडाच्या जोरावर टिकतो, आणि प्रोस्टाग्लँडिन तोच पिंड मोडते. गाभण शेळीला चुकून ते दिले तर ती कोणत्याही महिन्यात गाभडते. मालक छातीठोकपणे 'रिकाम्या' म्हणत होता त्यांतल्या पाच गाभण निघाल्या. एकीच्या पोटात नुसते पाणी होते. पडद्यावर काळेभोर, पण गर्भ नाही, गर्भकमळे नाहीत. याला खोटा गर्भ म्हणतात. तिच्यावर वेगळे उपचार केले.

सहा शेळ्यांच्या कंबरेचे मणके हाताला टोचत होते, त्या वगळल्या. चार नुकत्याच व्यालेल्या होत्या. उरल्या 30.

8 ऑगस्टला स्पंज बसवले. 17 ला इंजेक्शने, प्रत्येकीला पीएमएसजीचे 300 युनिट. 19 तारखेला दुपारी बारापासून बिल्ल्यांच्या क्रमाने स्पंज काढले, म्हणजे रेतनही त्याच क्रमाने करता येईल. दोघींचे स्पंज मधल्या काळात गळून पडले होते. काढताना घाणेरडा वास येतो आणि पांढरट पाणी वाहते. बाबा तोंडावर गमछा धरून म्हणाले, "इनकी बच्चेदानी सड़ गई।" तसे काही नसते, एक-दोन दिवसांत सगळे साफ होते. बाबांना ते शेवटपर्यंत पटले नाही.

धाकट्या बोकडाच्या पोटाला गोणपाट बांधून त्याला शेळ्यांत फिरवले. 28 पैकी 25 जणींनी माज दाखवला. 21 ऑगस्टला सकाळी आठपासून 18 शेळ्यांना रेतन केले आणि 10 शेळ्यांना दोन दिवसांत दोन बोकड हाताने धरून दाखवले.

रेतनाच्या वेळी मी दोन गोष्टींची नोंद ठेवली आणि त्या पुढे उपयोगी पडल्या. एक म्हणजे सोट (माजाचा चिकट स्राव) कसा होता: काचेसारखा स्वच्छ, की ताकासारखा पांढरट. पांढरट असेल तर वेळ बरोबर साधली. दुसरी म्हणजे नळी किती कडी आत गेली. 18 पैकी सहा शेळ्यांतच ती दोन कड्यांपलीकडे गेली. माज न दाखवलेल्या तिघीही मी या 18 मध्येच घेतल्या होत्या, 'वेळ तर झालीच आहे' म्हणून. हा निव्वळ हट्ट होता.

8 ते 12 सप्टेंबरच्या दरम्यान 14 शेळ्या उलटल्या. त्यांना बोकड दाखवला. यांना नवे कोणतेही इंजेक्शन नव्हते.

गाभणपणाचा निकाल

रेतन केलेल्या 18 पैकी 7 गाभण राहिल्या. नळी आत गेलेल्या सहांपैकी चार, तोंडाशी अडलेल्या बारांपैकी तीन. माज न दाखवलेल्या तिघींपैकी एकही नाही. बोकडाच्या दहांपैकी सात. उलटलेल्या 14 पैकी 10. एकूण 28 मधल्या 24.

ऑक्टोबरमध्ये सोनोग्राफी करून हे आकडे वहीत लिहिले तेव्हा मालकाने पेढे आणले. वहिनीही खूश होत्या. प्रकरण इथे संपले असते तर ते एक बऱ्यापैकी यशस्वी प्रकरण म्हणून मी सांगितले असते.

जानेवारी

शेळीचे दिवस 150. 21 ऑगस्टपासून 150 दिवस मोजले की 18 जानेवारी येते. ही तारीख वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच हाताने लिहिलेली होती, तिच्यापुढे 2025 च्या ईदला बोकड किती महिन्यांचे होतील याचा हिशेबही होता. ग्वाल्हेरात 18 जानेवारीला काय असते, हे मात्र आम्हा दोघांपैकी एकानेही मनात आणले नाही. इथे जन्म काढलेली माणसे आम्ही! त्या वर्षी जानेवारीत कोहरा उठेना. कित्येक दिवस दुपारी दोन वाजतासुद्धा सूर्याची नुसती थाळी दिसे, आणि रात्री वाड्यातल्या भिंतींना पाणी सुटे.

16 ते 21 जानेवारीत 14 शेळ्या व्याल्या. करडे 25. सहा शेळ्यांना एकेक, पाचांना जुळी, तिघींना तिळी. 17 च्या रात्रीत सहा शेळ्या व्याल्या आणि माणसे दोन, बाबा आणि मालक. मी पहाटे पोचलो.

दहा दिवसांत नऊ करडे गेली. त्यांतली सहा तिळ्यांपैकी.

जमुनापारीला बहुधा एक, फार तर दोन करडे होतात. आमच्या तिळ्यांचे श्रेय पीएमएसजीला. जन्मतः ती करडे इतकी लहान होती की पाय पोटाशी घेऊन पडली तर हातात मावत. तिसऱ्याला आचळच नाही. ओले अंग, चीक नाही, चार-पाच अंशांची रात्र. करडाचे तापमान साधारण 39 अंशांच्या आसपास असायला हवे. पहाटे मी पाहिलेल्या एकाचे 35 होते.

इथे माझी आणखी एक चूक. ते करडू आणि त्याचे भावंड रात्री दहाचे जन्मलेले, म्हणजे सात-आठ तास उपाशी. मी दोघांना आधी दोनशे वॅटच्या बल्बखाली ठेवले आणि मग चीक पाजायची तयारी करू लागलो. दोघेही उबेत आल्यावर झटके येऊन मेली. जन्मून पाच तास उलटले असतील आणि अंग 37 च्या खाली असेल, तर करडाच्या शरीरातली साखर संपलेली असते. ऊब मिळाली की शरीर कामाला लागते आणि जाळायला काहीच नसते. अशा वेळी आधी पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने कोमट ग्लुकोज, 20 टक्क्यांचे, किलोला दहा मिली, आणि मगच ऊब. अंग 37 च्या वर आले की नळीने चीक. कॉलेजात हे शिकलो होतो. पहाटे पाच वाजता, समोर अकरा ओली करडे असताना, आठवले नाही. तिसऱ्यापासून क्रम बदलला, आणि ती वाचली.

5 ते 9 फेब्रुवारीत उलटलेल्या दहा शेळ्या व्याल्या. त्यांना पीएमएसजी नव्हते, धुके गेले होते आणि चुकून ती विण पाच दिवसांत पसरली होती. करडे 14, गेले एक.

निर्णय कुठे फिरवता आला असता

मार्चमध्ये आम्ही आधीच्या दोन हिवाळ्यांची पाने काढली. डिसेंबर-जानेवारीत मिळून नऊ शेळ्या व्यालेल्या, करडे 11, मेलेली तीन. प्रमाण पाहिले तर तेव्हाही काही बरे नव्हते. पण दोन वर्षांत तीन, कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. आणि उरलेली आठ का वाचली, ते बाबांना विचारल्यावर कळले. थंडीत व्यालेल्या शेळीचे करडू ते आपल्या खोलीत नेत, चुलीशेजारी पोत्यावर ठेवत. दोन करडे खोलीत मावतात. पंचवीस मावत नाहीत.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हेच. वर्षभर पसरलेल्या विणीत वाड्याच्या उणिवा झाकल्या जात होत्या: एकच माणूस, एकच ऊबदार खोली, चिकाचा साठा नाही. स्पंजाने विण गोळा झाली तशा त्या उणिवाही एकाच आठवड्यात गोळा झाल्या. मी शेळ्या तपासल्या, त्यांचे मणके चाचपले, सोट पाहिला. वाडा तपासला नाही.

पीएमएसजीची गरज सगळ्यांना नव्हती. ऑगस्टमध्ये बऱ्याच शेळ्यांचे चक्र चालू होते. जिला मागच्या दोन्ही वेळी जुळी झाली तिला 300 युनिट देणे म्हणजे तिळ्यांना आमंत्रणच. मी एकच मात्रा सगळ्यांना दिली, कारण सिरिंजा भरायला ते सोपे होते.

रेतनाबद्दल मला पश्चात्ताप नाही. 18 मध्ये 7 हा या कामातला सर्वसाधारण निकाल आहे. पण गोठवलेल्या वीर्याच्या मर्यादित कांड्या हाताशी असताना त्या माज न दाखवलेल्या शेळ्यांवर घालवायला नको होत्या. आधी एका शेळीत नळी कितपत जाते ते पाहून, अडणाऱ्या शेळीला सरळ बोकड दाखवता आला असता.

आणि बाबा. त्यांना आम्ही ऑगस्टमध्ये काही विचारलेच नाही. स्पंजाच्या वासावरून त्यांनी जे म्हटले ते चूक होते, त्यावर आम्ही हसलो, आणि मग बाकीचेही विचारायचे राहून गेले.

दुसरी फेरी

2024 मध्ये आम्ही तारखेपासून मागे आलो. विण मार्चच्या पहिल्या आठवड्यात हवी, म्हणून शेळ्या 6 ऑक्टोबरच्या सुमारास फळल्या पाहिजेत. उन्हाळ्यात तापलेल्या बोकडाचे वीर्य सुधारायला दोन महिने लागतात, त्या दृष्टीनेही ऑक्टोबर बरा.

24 शेळ्यांच्या बारा-बाराच्या दोन तुकड्या केल्या, दोन आठवड्यांच्या अंतराने. पीएमएसजी कोणालाच नाही. एक तर गरज नव्हती, दुसरे म्हणजे ते पुनःपुन्हा दिले की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, माज उशिरा येतो आणि ठरलेल्या तासाला केलेले रेतन चुकते. रेतन फक्त आठ शेळ्यांना, माज पाहून आणि सोट पांढरट झाल्यावर. बाकीच्यांना नवा बोकड, जो जुलैतच तपासण्या करून आणला होता. तो म्हातारा विकला. मालकाला जड गेले.

वाड्याचा एक कोपरा विटांनी बंदिस्त करून जमिनीपासून हातभर उंच फळ्यांचे माचे केले. व्यालेल्या शेळ्यांचा जादा चीक फ्रीजरमध्ये छोट्या बाटल्यांत साठवला. वहिनींनी आपल्या फ्रीजचा वरचा कप्पा त्यासाठी दिला, ही माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत मोठी घडामोड. विणीच्या दिवसांत बाबांच्या पुतण्याला रात्रपाळीला ठेवले.

24 पैकी 17 पहिल्याच फेरीत फळल्या, रेतनाच्या आठांपैकी चार धरून. मार्च 2025 मध्ये त्यांना 26 करडे झाली, दोन गेली. सात शेळ्या उलटल्या, त्यांतल्या पाच मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला व्याल्या. दोघी भाकडच राहिल्या. त्या ठेवायच्या की काढायच्या, यावर अजून वाद आहे.

जून 2025 च्या ईदला पहिल्या फेरीतले बोकड एका वयाचे म्हणून एकत्र गेले. भाव चांगला आला. मालकाने स्पंज, इंजेक्शने, कांड्या आणि माझ्या फेऱ्यांचा खर्च एका बाजूला आणि मेलेल्या नऊ करडांची किंमत दुसऱ्या बाजूला मांडली, तेव्हा दुसरी बाजू जड होती.

पहिल्या फेरीच्या रेतनातून वाचलेल्या आठ करडांपैकी पाच माद्या आहेत, उंच आणि देखण्या. एक नर मालकाने पैदाशीसाठी राखला आहे. पण सगळ्या कांड्या एकाच बोकडाच्या होत्या, म्हणजे तो या पाचही जणींचा सावत्र भाऊ. रक्त बदलायला म्हणून रेतन केले आणि दोन वर्षांनी त्याच प्रश्नाशी परत आलो. कांड्या मागवताना दोन बोकडांच्या मागवाव्यात हे मला सुचायला हवे होते. आता मालक डबरा गावाकडच्या एका शेळीपालकाशी बोकडाची अदलाबदल करायचे म्हणतो आहे. ब्रुसेलाच्या तपासणीसाठी दोन्ही बोकडांचे रक्त गेल्या आठवड्यात घेतले आहे.